तिसरा रविवार, सकाळी आठ

॥ श्री ॥

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, ता. ३ मे १९५९

चि. शरयू हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

आज सकाळी ठीक आठ वाजता तुझी बिनतारी हाक पुण्यास पोचली. परंतु पोचली ती धुक्यापलीकडून कोणी कुजबुजावे तशी. अकरा वाक्यांपैकी चार मला पुरती लागली, तीन मी अंदाजाने लावली आणि उरलेली चार वाटेतच विरून गेली. अंदाज करणे माझ्या स्वभावात नाही. तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकविताना अंदाजाने उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास मी शून्य दिले; आज ते शून्य कोणास द्यावे, याचा विचार करीत हे पत्र लिहीत आहे.

माझ्या केंद्रात दोष संभवत नाही. गेल्याच महिन्यात रिसीव्हर उघडून, प्रत्येक सांधा तपासून मी तो बंद केला आहे. तेव्हा दोष तुझ्या माले गावच्या केंद्रात आहे. कारवीच्या अभ्यासासाठी त्या डोंगरात एकटीने राहण्याचा हट्ट तू धरलास, तेव्हा आपण दोघांनी सही केलेल्या कराराचे तिसरे कलम तुला आठवत असेलच: एक आड एक रविवारी, सकाळी आठ वाजता, तू मोर्सच्या खुणांनी आपले कुशल कळवावेस, आणि लागोपाठ तीन ठरलेल्या रविवारी ते मला ऐकू न आल्यास आठ दिवसांत बिऱ्हाड आवरून पुण्यास यावेस. पावसाळ्यात तिकडचा गाडीरस्ता बंद होतो, जवळपास टेलिफोन नाही, आणि आईला तुझ्याविषयी शब्द दिलेला मी आहे. कलम कठोर असेल. पण ते काळजीपोटी घातले आहे, आणि मी घातलेले कलम मी मोडत नाही.

आता उपाय. प्रथम अर्थिंग पाहा. खिडकीखालच्या कोरड्या मुरमात ठोकलेली लोखंडी कांब म्हणजे अर्थिंग नव्हे. ती स्वतःची समजूत आहे. सहा फूट खोल खड्डा घे. त्यात तांब्याची जाड पट्टी उभी ठेव, तिच्याभोवती लोणारी कोळसा आणि जाडे मीठ यांचे आळीपाळीने थर दे, आणि उन्हाळाभर वर रोज दोन घागरी पाणी घाल. जमीन ओली असेल तरच ती वीज पोटात घेते. पट्टीपासून यंत्रापर्यंतची तार जाड, आखूड आणि सरळ असावी. तिला काटकोनात वाकवू नकोस, कारण आकाशातून उतरलेल्या विजेला वळणे घेण्याची सवय नसते. पट्टीचा सांधा दरमहा सोडून घासावा. त्यावर हिरवा गंज चढला, की तो दिसायला सांधा राहतो, कामाला राहत नाही. यंत्र बंद असेल तेव्हा एरियल घराबाहेरच्या खटक्याने जमिनीस जोडून ठेव. वळवाचे ढग कोणाची परवानगी घेऊन येत नाहीत.

बॅटरीत पट्ट्या बुडतील इतके शुद्ध पाणी असू दे. तेथे विहिरीचे पाणी घालत असशील तर मला कळवू नकोस. ते मला सहन होणार नाही.

तुझ्या वहिनीने मेतकूट पाठविले आहे. उलट टपाली कामाचा अहवाल यावा. आशीर्वाद आहेतच, अहवाल आला म्हणजे ते पूर्ण होतील.

तुझा
आप्पा


माले, मुळशी
गुरुवार, ता. १४ मे १९५९

ती. स्व. आप्पांस व सौ. वहिनींस शरयूचे शि. सा. न. वि. वि.

शून्य पोचले, मेतकूटही पोचले. पहिले वहीत लावून ठेवले, दुसरे भाताबरोबर संपत आले आहे.

ज्यांच्या मागील खोलीत मी राहते ते कुशाबा स्वतः पहार घेऊन आले. दोन फुटांवर काळा खडक लागला. पहारीचा असा खणखणाट झाला, की समोरच्या डोंगराने तो परत पाठविला. मी आपले पत्र काढून सहा फुटांचे कलम त्यांना वाचून दाखविले. त्यावर ते म्हणाले, की ताई, पुस्तकात सा फूट आसंल, पर आमच्या डोंगरानं पुस्तक वाचल्यालं न्हाई. मग त्यांनी मला घरामागच्या उंबराखाली नेले. वैशाखातही तिथली माती मुठीत धरली तर बोटे ओली होतात. तिथे सहा फूट सुखाने गेले. पट्टी, कोळसा, मीठ सारे आपल्या आज्ञेप्रमाणे बसविले. मात्र तार चौदा पावले लांब झाली. हा नियमभंग कबूल करते.

दुसरा नियमभंग माझ्या हातून झालेला नाही. तानूबाई नावाची धनगरीण मला शेळीचे दूध आणि पाणी आणून देते. तांबे, मीठ, कोळसा आणि वर रोज दोन घागरी पाणी, हे तिने तीन दिवस पाहिले आणि चौथ्या दिवशी खड्ड्याला हळदकुंकू वाहून देवाचे नाव विचारले. मी सांगितले, की हा देव नव्हे. आभाळातली वीज उतरली तर ती पिऊन टाकण्यासाठी केलेली ही सोय आहे. ती म्हणाली, की मंग द्येवच की वो बाई, ईज पिऊन गप ऱ्हातुया त्यो! आता मी उठण्यापूर्वीच दोन घागरी पडलेल्या असतात. सांधा घासायचा असतो हे कळल्यावर तिने दर अमावास्येला चिंचेने तो लखलखीत करण्याचे व्रत घेतले आहे. आपण दरमहा म्हटले होते. अमावास्या चुकत नाही.

संध्याकाळी टेकडीवर जाऊन बसते. धरणाचे पाणी उतरले आहे आणि कुशाबांच्या बुडालेल्या गावाचे बांध एकेक करून वर येत आहेत. काल ते मला आपले खळे दाखवीत होते. चिखलातला एक गोल, त्यावर बगळा उभा. रविवारी मोर्सच्या किल्लीवर बोट ठेवले, की माझी अक्षरे त्या बांधांवरून, पाण्यावरून, डोंगरांच्या पाठींवरून आपल्यापर्यंत चालत जाताना मला दिसतात. गोवर आला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. खोलीत अंधार केलेला, डोळ्यांवर ओले फडके. आपण उशाशी बसून माझ्या तळहातावर बोटाने ठोके देत मोर्स शिकविलीत. पहिले शब्द होते ‘भिऊ नको’. अजून किल्ली हाती घेतली, की तळहात आधी जागा होतो.

कारवीविषयी कुशाबा म्हणतात, की औंदा फुलनार, सात वरसं झाली. काड्या अजून नुसत्या हिरव्या आहेत. पण पेरांवर गाठी धरू लागल्या आहेत. ती फुलली, तर भाद्रपदात हा सारा डोंगर जांभळा होईल आणि माझा प्रबंध पुरा होईल. चुकली, तर सात वर्षांनी पुन्हा फुलेल तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची असेन. म्हणून आपले तिसरे कलम मी रोज सकाळी आठवते.

बॅटरीविषयी काही कळवीत नाही. (भिऊ नये, पाणी पौडच्या औषधवाल्याकडून, शुद्धच आणले आहे.)

आपल्या रागावरही माझा हक्क आहे; तो तसाच राहू द्यावा.

आपली
शरयू


॥ श्री ॥

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, ता. २६ जुलै १९५९

चि. शरयू हीस अनेक आशीर्वाद.

जूनअखेरपर्यंत तुझे संदेश मी कसेबसे लावीत आलो. ता. १२ रोजी काहीही ऐकू आले नाही. आज, ता. २६ रोजी, आठपासून पावणेनऊपर्यंत बसलो. काहीही ऐकू आले नाही. हे दोन रविवार झाले. तिसरा ९ ऑगस्टला आहे.

येथे ऐकण्याची परिस्थिती आदर्श आहे. यंदा अंगणात रातकिडेदेखील नाहीत. इतकी स्वच्छ शांतता पुण्यात मी पूर्वी अनुभवली नव्हती. कानांवरील फोन नवे आहेत. खुणांचा सूर मी नेहमीप्रमाणे अगदी बारीक, वरच्या पट्टीत लावतो, म्हणजे घरातल्या विजेच्या तारांच्या घरघरीत तो मिसळत नाही. एवढेच, की सिग्नलचा जोर दाखविणारी सुई दोन्ही वेळा उगाच थरथरत होती. तिच्यात धूळ शिरली असावी. उघडून साफ केली.

अर्थिंगचा तू देव केलास, त्याचे फळ दिसतेच आहे. पूजेने विद्युत्प्रवाह वाढतो असे मी कोठे वाचलेले नाही. आता शेवटचा उपाय म्हणून एरियल खाली उतरव. तार छत्तीस तासांच्या पावसाने ओघळून लांबली असेल. ती एकूण सहासष्ट फूट, मधोमध बरोबर दुभागलेली असली पाहिजे. दोन्ही टोकांचे चिनी मातीचे मणी कोरड्या फडक्याने पूस. त्यांवर शेवाळ चढले, की शक्ती झाडात उतरते. झाड वाऱ्याने हलते. तेव्हा तार फांदीस करकचून बांधू नये. एका टोकास कप्पी लावून तिच्यावरून दोर सोडावा आणि खाली दगड टांगावा. झाड वाकले की दगड वर जाईल, सरळ झाले की खाली येईल, आणि तार तुटणार नाही. मधला जोड डाखलेला आणि डांबर लावून बंद केलेला असावा. किल्लीच्या टोकांमधून कोरा कागद फिरवून मळ काढावा.

हे सर्व करूनही ९ तारखेस शांतताच असेल, तर सामान बांध. नदी उतरताच मी भिवाजी गाडीवानाला बैलगाडी घेऊन पौडपर्यंत पाठवीन. कारवी पुन्हा फुलेल. माझी बहीण मला एकच आहे.

तुझा
आप्पा


माले
बुधवार, ता. २९ जुलै १९५९

सौ. वहिनींस शरयूचा सा. न. वि. वि.

हे पत्र आपणापुरतेच. एरियल मी उतरविले. तार सहासष्ट फूटच आहे, मणी स्वच्छ आहेत. दगड तर कुशाबांनी मे महिन्यातच टांगला होता, मी न सांगता. गोफणीचा दोर कसा धरतात हे त्यांना माहीत आहे.

काल चिखल तुडवीत पायी आलेल्या टपालवाल्याने नागपूरचे एक कार्ड दिले. रेल्वेत गार्ड असलेले वाल्मीक देवतळे नावाचे आमच्याच छंदाचे गृहस्थ आहेत. ते लिहितात, की १२ जुलै रोजी सकाळी आठ वाजता माझा संदेश त्यांना घंटेसारखा स्वच्छ ऐकू आला; मात्र पुण्याचे केंद्र पुन्हा पुन्हा ‘ऐकू येत नाही’ असे का कळवीत होते, हे त्यांना उमगले नाही. आणि आप्पांची सुई थरथरत होती. वहिनी, सुई धुळीने थरथरत नाही. माझ्या प्रत्येक ठोक्याला ती उडत असणार.

मला एकच सांगा. आप्पांना ऐकू येते ना?

हे कार्ड त्यांच्यापुढे टाकले तर मी मालेस राहीन, हे मला कळते. पण एका अनोळखी माणसाने लिहिलेल्या चार ओळींनी त्यांना खोटे ठरवून मला इथे राहायचे नाही.

माया आहेच, ती या वेळी थोडी सल्ल्याच्या रूपाने पाठवा.

आपली
शरयू


पुणे
शनिवार, ता. १ ऑगस्ट १९५९

चि. शरयू हीस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

अगं, रातकिडे नाहीत कुठले! इतके आहेत, की संध्याकाळी माझा जप मला ऐकू येत नाही. यांना येत नाहीत. चैत्रापासून असेच चालले आहे. स्टोव्ह फुरफुरत विझला तरी कळत नाही, दुधाच्या भांड्यावरची वाटी खणखणते ती कळत नाही. मी मीठ मागितले तर हे कॅलेंडर आणून देतात, आणि मी पुटपुटते असे मलाच सुनावतात. जाडा आवाज मात्र समजतो. हैबतराव दूधवाला ओसरीवरून ओरडला की लगेच उत्तर देतात.

डॉक्टरचे नाव काढले तर दोन दिवस बोलले नाहीत. बोलले असते तरी भांडणच होते. पण परवा एक पाहिले, ते तुला सांगते. दुपारी मी पडले आहे असे समजून हे रिसीव्हरपुढे बसले होते. कानांवर फोन नव्हते. नुसते बसून त्या खोक्याच्या फळीवर तळहात टेकवून होते. कुणाच्या तरी पाठीवर ठेवावा तसा. तुला बोलवायचे म्हणून हे खूश आहेत असे समजू नकोस. तू इकडे आलीस तर त्यांचा रविवार संपला, हे त्यांना कळते.

तूच काहीतरी त्यांच्या भाषेत सांग. माझ्या भाषेत ते ऐकत नाहीत, आणि आता खरोखरच ऐकत नाहीत.

लसणाची चटणी टपालाने पाठविते. ती संपायच्या आत पुढचे पत्र हवे.

तुझी
वहिनी


माले, मुळशी
मंगळवार, ता. ४ ऑगस्ट १९५९

ती. स्व. आप्पांस शि. सा. न. वि. वि.

आज्ञेप्रमाणे एरियल उतरवून पुन्हा चढविले. तार मोजली, मणी पुसले, जोड डाखला, किल्लीतून कागद फिरविला. कागद कोराच बाहेर आला. गेल्या आठवड्यात वीज समोरच्या आंब्यावर पडली. आमच्या एरियलवर उतरली असती तरी खटका खाली होता आणि उंबराखालचा देव तहानलेला नव्हता. तानूबाईने त्याच दिवशी नारळाचा नवस बोलला. तिला मी अडविले नाही.

येथे आता दिवसभर धुके असते. दारातून बाहेर पडले, की आपलाच हात आपल्याला उशिरा दिसतो. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा पाण्याच्या बाजूने येतात, शेळ्या मात्र डोंगराच्या बाजूने. कारवीच्या पेरांवरच्या गाठी फुगल्या आहेत. एक सोलून पाहिली. आत जांभळ्या रंगाची घडी, टाचणीच्या डोक्याएवढी.

९ तारखेसाठी एक विनंती आहे. श्रावणात आकाशातील विजेची करकर फार असते, आणि बारीक सूर तिच्यात हरवतो, असे माझ्या ध्यानात आले आहे. म्हणून त्या दिवशी कानांवर फोन न लावता मोठा स्पीकर जोडावा. सुराचे बटण फिरवीत फिरवीत तंबोऱ्याच्या खर्जाच्याही खाली न्यावे. आवाज पूर्ण मोठा करावा. स्पीकरवरचे जाळीचे कापड काढावे, आणि उजव्या हाताचे दुसरे बोट त्यातल्या शंकूच्या आकाराच्या कागदी कोनावर अलगद टेकवावे, दाबू नये. मी ठीक आठला सुरू करीन आणि नऊ वर्षांच्या मुलीला समजेल इतके सावकाश पाठवीन.

हे करूनही काही पोचले नाही, तर मी नदी उतरण्याचीही वाट पाहणार नाही. सामान एका पेटीत मावते.

आपला आशीर्वाद जवळ आहेच. ९ तारखेला तो बोटाजवळही असू द्यावा.

आपली
शरयू


॥ श्री ॥

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, ता. ९ ऑगस्ट १९५९

चि. शरयू हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील पदार्थविज्ञान चूक आहे. आकाशातील करकर सर्व सुरांत सारखीच पसरलेली असते. सूर खाली नेल्याने तिच्यापासून सुटका होत नाही. हे तुला मी स्वतः शिकविले आहे आणि तू ते कधी विसरणार नाहीस. त्यामुळे ते वाक्य तू का लिहिलेस, हे मला वाचताक्षणी समजले. कोणा विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले असते तर शून्य दिले असते. तुझे उत्तर मी तीन वेळा वाचले, आणि कापड काढायला स्क्रूड्रायव्हर शोधू लागलो.

आठ वाजता बोट टेकविले. प्रथम नुसती थरथर होती, मुंग्यांची रांग जावी तशी. मग ती रांग तुटू लागली, थांबू लागली, लांब आणि आखूड होऊ लागली. खिडकीबाहेर पाऊस पडत होता, तो मला दिसत होता. ऐकू येत नव्हता, हे मी आज प्रथमच स्वतःशी कबूल केले. आणि त्या निःशब्द पावसात, कागदाच्या एका कोनावर, तुझे डोंगर, तुझे पाणी, कुशाबांचे बुडालेले खळे ओलांडून अक्षरे एकेक करून माझ्या बोटात चढली. पहिले अक्षर ओळखले. दुसरे ओळखले. पाचवे ओळखले तेव्हा बोट काढून घ्यावेसे वाटले. पण काढले नाही. तू पाठविलेस ‘भिऊ नको’. शरयू, अंधाऱ्या खोलीत त्या दिवशी तू भीत नव्हतीस. भीत मी होतो. दोन दिवस तुझा ताप उतरत नव्हता.

आता हिशेब चोख केला पाहिजे. सुई खरे सांगत होती. मी साक्षीदारालाच आरोपी केले. केंद्राच्या नोंदवहीत मी आज लाल शाईने दुरुस्ती केली आहे. १२ व २६ जुलै या तारखांपुढील ‘माले केंद्र मूक’ हे शब्द खोडून ‘माले केंद्र निर्दोष, दोष या टोकास’ असे लिहून खाली सही केली. मी घातलेले कलम मी मोडत नाही, असे तुला लिहिले होते. तिसरे कलम मी मोडलेले नाही. ते माझ्या कानांच्या भरवशावर उभे होते, तो भरवसा गेला, म्हणून ते मी काढून घेतले आहे. कराराची प्रत सोबत जोडली आहे. खोडलेल्या ओळीपुढे तुझी सही घालून परत पाठवावी. कारवी पुरती फुलेपर्यंत, आणि त्यानंतरही तुझा प्रबंध सांगेल तोपर्यंत, तू मालेस राहावेस.

आणखी एक गोष्ट, ती न सांगितल्यास नोंद अपुरी राहील. दुपारी मी आमच्या अंगणातील अर्थिंग अकरा वर्षांनी उकरले. सांधा पोपटासारखा हिरवा झाला होता. तुझ्या वहिनीने काही न बोलता चिंच आणून दिली. तिच्या न बोलण्याचा आवाज मात्र मला स्पष्ट ऐकू आला. उद्या तिने ठरविलेल्या वेळेस कानाच्या डॉक्टरांकडे जाणार आहे. तानूबाईंस माझा नमस्कार सांगावा आणि नवसाच्या नारळाची किंमत मी देईन असे कळवावे. देव कोणता, हे त्यांनाच ठरवू दे.

भाद्रपदात आम्ही दोघे मालेस येऊ. डोंगर जांभळा होतो तो मला पाहावयाचा आहे. पाहण्यास कान लागत नाहीत. तोवर एक आड एक रविवारी, ठीक आठला, मी बोट टेकवून बसलेला असेन. तुझी माया या टोकास पोचते आहे, एवढी पोच तूर्त पुरे.

तुझा
आप्पा

ता. क. आज तू शेवटी शेवटी घाई केलीस. बोट अजून पहिल्या इयत्तेत आहे. सावकाश पाठवीत जा.